प्रेडनिसोलोन चालू असताना वाढणारी साखर: आईसाठी सल्ला हवा आहे

आम्ही फोंड्याला राहतो. माझ्या ६२ वर्षांच्या आईला संधिवातासाठी काही महिन्यांपासून रोज सकाळी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू आहे. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन. या काळात तिचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ५.८ वरून ६.३ वर गेले, उपाशीपोटीची साखर मात्र ९८ आहे, त्यामुळे कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा ते समजत नाही. शेजारच्या काकी गोळ्या बंद करून कारल्याचा रस द्यायला सांगतात. उकड्या तांदळाची पेज आणि हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) सोडणे आईच्या जिवावर येते.

प्रतिसाद १
काकींचा सल्ला कृपया मानू नका. प्रेडनिसोलोन बरेच आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी बनवू लागते, म्हणून ते एकाएकी थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्याने. आकड्यांतल्या विसंगतीचे कारणही बहुधा हीच गोळी आहे. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारपासून साखर चढवते आणि रात्रीतून त्याचा प्रभाव ओसरतो, त्यामुळे उपाशीपोटीची तपासणी उगाच निर्धास्त करते. ग्लुकोमीटरने दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी मोजा. हायड्रोक्लोरोथायझाइडनेही साखर वाढू शकते, तेव्हा पर्याय आहे का ते विचारा. स्टॅटिनमुळे होणारी वाढ किरकोळ असते आणि हृदयाचा लाभ मोठा, म्हणून त्याला हात लावावा असे मला वाटत नाही. हिमोग्लोबिनही पाहून घ्या, कारण लोहाची कमतरता असली तर एचबीए१सी आहे त्याहून जास्त दिसू शकते.

प्रतिसाद २
साखर दुपारनंतर चढत असेल तर सकाळची वाटीभर पेज राहू द्या आणि कपात दुपारच्या भातात करा. बांगडा आणि तांबडी भाजी (लाल माठ) आधी, भात शेवटी व थोडा. कोंड्याची म्हणून पोई (गोव्यातला पाव) मोकळेपणाने खाऊ नये. हल्ली पुष्कळ ठिकाणी तिच्यात मैदाच अधिक असतो. सांधे परवानगी देतील तेवढे जेवणानंतर घरातच चालणेही उपयोगी पडते.

धागाकर्ती
आभारी आहे. पुढच्या भेटीपर्यंत थांबले तर चालेल का?

प्रतिसाद १
आठवडाभराच्या नोंदी, वेळ आणि गोळ्यांच्या मात्रेसह, लिहून न्या. त्यांवरून मेटफॉर्मिन (साखर कमी करणारी गोळी) द्यावे का हे डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी पाहून ठरवतील. मात्र साखर वारंवार २०० च्या वर जाऊ लागली, किंवा सतत तहान लागून रात्री अनेकदा लघवीला उठावे लागले, तर भेटीची तारीख येण्याची वाट न पाहता त्यांना कळवा.