मराकेशच्या जुन्या शहरात गच्चीवरचे, परवडणारे आणि शाकाहारी जेवण : मदत हवी आहे

रानजाई :

नमस्कार. येत्या डिसेंबरात मी, माझी मुलगी आणि माझे आईबाबा असे चौघे मोरोक्कोला जाणार आहोत आणि त्यातला सर्वांत मोठा मुक्काम मराकेशमध्ये आहे. विमान, राहणे, ॲटलस डोंगरातली एक दिवसाची सहल हे सगळे मार्गी लागले असून घोडे अडले आहे ते संध्याकाळच्या जेवणापाशी, म्हणून हा धागा काढत आहे.

राहण्याची सोय मदिनेत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, मुआसीन भागातल्या एका रियादमध्ये आहे. ही जुनी घरे मधल्या चौकाभोवती बांधलेली असतात, गल्लीच्या बाजूला जवळजवळ कोरी भिंत असते आणि मोकळे आकाश पाहायचे तर गच्चीच गाठावी लागते, हे आईने कुठेतरी वाचले आणि तेव्हापासून तिने एकच धोशा लावला आहे : कुतुबिया मशिदीचा मिनार दिसेल अशा गच्चीवर बसून जेवायचे. तिची ही इच्छा पुरी करायची आहे, पण त्यासाठी रोज खिसा रिकामा करायची तयारी नाही. चौघांचे मिळून एका वेळचे तीनशे दिरहॅम एवढा अंदाज मी धरला आहे. सध्याच्या दराने एक दिरहॅम म्हणजे ढोबळमानाने नऊ-दहा रुपये, म्हणजे पुण्यात बऱ्यापैकी हॉटेलात चौघांचे जेवढे होते साधारण तेवढेच. इंटरनेटवर मात्र ज्या गच्च्यांची छायाचित्रे दिसतात तिथे एकेका माणसाचेच दोनशे-अडीचशे दिरहॅम होतात, आणि त्या सगळ्या छायाचित्रांत तेच ते कंदील आणि त्याच त्या गाद्या पाहून मला तर आता त्यांच्यात फरकही करता येईनासा झाला आहे.

अडचणी अशा आहेत. बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, आणि मांसाच्या रश्श्यात शिजलेली भाजी वेगळी काढून दिली तरी ती त्यांना चालणार नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे अरुंद जिन्याने तीन-तीन मजले रोज चढणे तिला जमेल असे वाटत नाही. मुलीला तिखट चालत नाही, पण तिथे तो प्रश्न फारसा येणार नाही असे दिसते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : जामा एल-फना या मुख्य चौकाभोवतीच्या गच्च्यांवर जेवण्यात अर्थ आहे का? भाज्यांचा ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सेदार पदार्थ) मागवला तर तो खरोखर शाकाहारी असतो का? डिसेंबरात संध्याकाळी उघड्यावर बसवते का? आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्यातल्या त्यात सोयीची अशी जागा कोणती? पोस्ट जरा लांबली, पण अर्धवट माहिती देऊन उलटे प्रश्न ओढवून घेण्यापेक्षा हे बरे.

वाटसरू :

कामानिमित्त काही वर्षे कासाब्लांकाला होतो आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मराकेश दाखवण्याचे काम न सांगता माझ्या गळ्यात पडत असे, त्यामुळे थोडे अधिकारवाणीने लिहितो.

दृश्य आणि जेवण यांचा हिशेब वेगळा ठेवा, म्हणजे तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. जामा एल-फना चौकाच्या कडेला ज्या गच्च्या आहेत त्यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, कारण माणसे चौक पाहायला चढतात. साहजिकच तिथल्या स्वयंपाकघराला कोणी फारसे मनावर घेत नाही. चौकाच्या दक्षिणेकडे ग्रां बाल्कों द्यू काफे ग्लासिए नावाचा जुना कॅफे आहे. तिथे गच्चीवर जायचे तर पेय घ्यावेच लागते, आणि मग कठड्याजवळ जागा मिळाली तर खाली संध्याकाळी मांडली जाणारी खाण्याची दुकाने, त्यांचे दिवे आणि निखाऱ्यांवरून उठणारा धूर असा सगळा देखावा समोर येतो. पूर्वेकडच्या काफे द फ्रान्सच्या गच्चीचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथून कुतुबियाच्या बाजूला मावळणारा सूर्य दिसतो. तुमच्या आईंसाठी मी हीच जागा निवडीन. दोन्हीकडे पुदिन्याचा चहा साधारण वीस ते तीस दिरहॅम पडेल. रस्त्यावरच्या चहापेक्षा तो महाग आहे, पण तेवढे पैसे दृश्यापोटी दिले असे समजावे आणि जेवायला दुसरीकडे जावे.

वेळेचे गणित लक्षात ठेवा. मोरोक्कोत 2018 पासून रमझानचा महिना वगळता वर्षभर घड्याळ ग्रिनिचच्या एक तास पुढे असते, त्यामुळे ऐन डिसेंबरातही सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. कठड्याजवळची खुर्ची हवी असेल तर किमान तासभर आधी जाऊन बसा, कारण सूर्यास्ताच्या वेळी पोहोचणाऱ्यांना समोर फक्त इतरांच्या पाठी आणि वर धरलेले मोबाइल दिसतात.

जेवणासाठी चौकाच्या उत्तरेला चालत काही मिनिटांवर असलेल्या रहबा लकदीमा या मसाल्यांच्या चौकात जा. टोपल्या, लोकरी टोप्या आणि वाळलेल्या वनस्पती विकणाऱ्या बायका मध्यभागी बसलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर काफे देझ एपिस आहे. सँडविच, सॅलड, रस, साधे पदार्थ मिळतात, भाव आवाक्यातले आहेत आणि वरच्या मजल्यावरून तो सगळा बाजार दिसतो. मुआसीनहून ही जागा जवळही आहे. त्याच परिसरातल्या नोमाद या उपाहारगृहाची गच्ची देखणी आहे आणि जेवणही चांगले आहे, पण मुख्य पदार्थ शंभर दिरहॅमच्या वर जातात आणि आधी जागा राखून ठेवावी लागते. सहलीतली एखादी संध्याकाळ तिथे घालवायला हरकत नाही. बहिया आणि बादी या राजवाड्यांच्या बाजूला गेलात तर प्लास दे फेर्ब्लांतिए या पत्रेकाम करणाऱ्यांच्या चौकाजवळही गच्च्या आहेत. बादीच्या पडक्या भिंतींवरची करकोच्यांची घरटी पाहून तुमची मुलगी खूश होईल.

अंदाज हवा असेल तर साध्या गच्चीवर ताजीन पन्नास ते नव्वद दिरहॅमला मिळतो आणि सोबत गोल पाव येतो, त्यामुळे एका ताजीनमध्ये दोन लहान पोटे सहज भरतात. तीनशेत तुमचे चौघांचे भागेल, फक्त पेये मोजून मागवा. जिन्याच्या तोंडाशी मेनूकार्ड घेऊन उभे असलेले लोक फार आग्रह करतात. त्यांच्याकडून कार्ड हातात घेऊन भाव पाहावा आणि मगच पायरी चढावी. लहान ठिकाणी बँकेचे कार्ड चालेलच याचा भरवसा नसतो, म्हणून रोख दिरहॅम जवळ ठेवा.

ल्योंकर :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, शाकाहाराबद्दल तेवढी भर घालतो. फ्रान्समधून मोरोक्कोला जाणे सोपे असल्यामुळे आम्ही तिथे बऱ्याचदा जातो आणि माझी पत्नी तुमच्या बाबांइतकीच काटेकोर आहे.

भाज्यांचा ताजीन नावाला शाकाहारी असतो, पण त्यात ओतलेला रस्सा कोणता हे विचारल्याशिवाय कळत नाही. गर्दीच्या ठिकाणी सगळ्या ताजीनांसाठी एकच मांसाचा रस्सा वापरलेला असू शकतो. कुसकुसचे, म्हणजे रव्याच्या बारीक गोळ्यांच्या पदार्थाचे, तर याहून अवघड आहे, कारण ते परंपरेने मांस आणि भाज्या शिजत असलेल्या भांड्यावर चाळणी ठेवून त्याच वाफेवर फुलवतात आणि वरून तोच रस्सा घालतात. शुक्रवारी दुपारी घरोघरी आणि बऱ्याच उपाहारगृहांत कुसकुस असते, त्या दिवशी बाबांना विशेष जपा. हरीरा हे सूप मसूर-हरभऱ्याचे दिसते, पण त्यात बहुधा मांसाचे बारीक तुकडे असतात. चौकातल्या दुकानांत मात्र आणखी एक काळजी घ्यायला हवी : न मागता पुढ्यात आलेले पाव, ऑलिव्ह आणि चटण्या यांचे पैसे नंतर बिलात लागू शकतात.

निर्धास्त खाता येईल असेही पुष्कळ आहे. झालूक म्हणजे वांगे आणि टोमॅटो शिजवून, घोटून, जिरे, लसूण आणि ऑलिव्हचे तेल घालून केलेला पदार्थ, अगदी आपल्या भरताचा भाऊबंद, आणि बाबांना तो पावाबरोबर नक्की आवडेल. भाजलेल्या ढोबळी मिरचीचे आणि टोमॅटोचे तक्तूका, टोमॅटोच्या रसातला लूबिया म्हणजे पांढरा घेवडा, अदस म्हणजे मसूर, हे सगळे स्वस्त असते. घेवडा आणि मसूर मात्र मांसाशिवाय शिजवले आहेत ना, हे एकदा विचारून घ्या. थंडीत सकाळी लहान दुकानांतून बिसारा मिळतो. बाकल्याच्या डाळीचे ते दाट सूप असते, वर ऑलिव्हचे तेल आणि जिऱ्याची पूड घालून देतात. गच्चीवर तो सहसा मिळत नाही, पण म्हणून सोडू नका.

वेटरला "ब्ला ल्हम, ब्ला द्जाज", म्हणजे मांस नको, कोंबडी नको, असे सांगा आणि त्यावर न थांबता रश्श्याचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. फ्रेंच बऱ्याच जणांना कळते, तेव्हा "सां ब्वियों द व्यांद", म्हणजे मांसाच्या रश्श्याशिवाय, हे कागदावर लिहून नेलेत तरी चालेल. "व्हेजिटेरियन" या एका शब्दावर विसंबू नये, कारण वर मांसाचा तुकडा नसला की पदार्थ शाकाहारी झाला असे मानणारे आचारी सगळीकडेच असतात. चहात साखर भरपूर घालतात. नको असेल तर "ब्ला सुक्कर".

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तुमच्या रियादची गच्ची. सकाळी न्याहारीच्या वेळी सांगितले तर स्वयंपाक करणाऱ्या बाई बाजारातून भाज्या आणून संध्याकाळी वेगळा ताजीन लावतात, कारण तिथे भांडे तुमच्यापुरतेच चढते. बाबांच्या समाधानासाठी स्वयंपाकघरात डोकावायची परवानगी मागितली तरी बहुधा कोणी वाईट वाटून घेत नाही.

रानजाई :

दोघांचेही मनापासून आभार. चहा चौकात आणि जेवण रहबा लकदीमाला ही विभागणी आम्हा सगळ्यांना पटली. दोन शंका उरल्या आहेत. रियादने रात्रीच्या जेवणाचे माणशी दोनशे दिरहॅम कळवले आहेत, म्हणजे चौघांचे आठशे होतात. हा दर रास्त आहे का, आणि त्यात काही कमी करता येते का? दुसरे म्हणजे आईच्या गुडघ्यांविषयी कोणीच काही लिहिलेले नाही.

वाटसरू :

रियादच्या मानाने हा दर नेहमीचा आहे, कारण त्यात सॅलडांच्या वाट्या, ताजीन, फळे किंवा गोड आणि चहा असे पूर्ण जेवण धरलेले असते. तुम्हाला एवढे नको असेल तर चौघांसाठी फक्त दोन मोठे शाकाहारी ताजीन, पाव आणि चहा यांचा भाव विचारा. मेनूतून मांस वगळल्यावर घासाघीस करायला जागा असते आणि ती हसतखेळत केली तर चालते. तेही नाही जमले तर बाहेरून पाव, ऑलिव्ह, संत्री आणून गच्चीवर खाल्ले तर चालेल का, हे विचारा. काही मालक आनंदाने हो म्हणतात.

गुडघ्यांचे उत्तर मुद्दाम टाळले नव्हते, पण ते गोड नाही. जुन्या घरांचे जिने उंच पायऱ्यांचे, वळणाचे आणि अंधारे असतात आणि लिफ्टची अपेक्षा ठेवू नये. काफे देझ एपिसमध्ये खाली आणि मधल्या मजल्यावरही बसता येते, त्यामुळे आईंना जमेल तेवढेच चढता येईल. ज्या दिवशी पाय फारच दुखतील त्या दिवशी सीदी अब्देलअझीझ भागातल्या ले जार्दिनला जा. तिथे गच्चीचा हट्ट सोडून हिरव्या अंगणातच बसायचे. भाव जरा चढे आहेत, पण दुपारच्या हलक्या खाण्याला परवडते. रियादमध्ये खोली मात्र गच्चीजवळच्या मजल्यावर मागून घ्या, म्हणजे दिवसातून दोनदा सगळा जिना चढावा लागणार नाही.

ल्योंकर :

थंडीचा प्रश्न राहिला. डिसेंबरात दिवसा ऊन छान असते, पण सूर्य मावळला की तापमान झपाट्याने उतरते आणि रात्री ते सहा-सात अंशांपर्यंत जाऊ शकते. काही गच्च्यांवर गॅसचे हीटर किंवा पांघरूणे असतात, स्वस्त ठिकाणी ती असतीलच असे नाही. म्हणून मी तर सुचवीन की गच्चीवरचे मुख्य जेवण दुपारी दीड-दोनला करा, त्या वेळी ऊन अंगावर घेत आरामात बसता येते, जागाही सहज मिळते. संध्याकाळी शाल, कानटोपी घेऊन फक्त चहापुरते वर जा आणि रात्री आत बसून हलके खा. हवा स्वच्छ असली तर सकाळच्या न्याहारीला रियादच्या गच्चीवरूनच दक्षिणेला बर्फाच्छादित ॲटलस दिसतो, आणि न्याहारी बहुतेक ठिकाणी खोलीच्या भाड्यातच असते.

एक विनंती. गच्चीवरून छायाचित्रे काढताना शेजारच्या घरांच्या गच्च्या टाळा. मोरोक्कोतल्या जुन्या शहरांत गच्ची हा पूर्वापार बायकांचा वावरायचा भाग आहे. तिथे वाळत घातलेले कपडे, डिश अँटेना आणि मांजरे यांच्यामध्ये कोणीतरी घरातल्यासारखे बसलेले असते.

रानजाई :

दुपारी जेवण आणि संध्याकाळी चहा, हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. रियादला दोन शाकाहारी ताजीनांचा भाव विचारणारी मेल आत्ताच पाठवली आहे आणि रश्श्याचा प्रश्न त्यात वेगळ्या ओळीत लिहिला आहे. उत्तर आले की इथेच कळवीन. मुआसीन भागात बिसारा मिळणारे एखादे दुकान कोणाला ठाऊक असेल तर तेवढे अवश्य लिहा, कारण बाबांनी आता त्याचीच चौकशी सुरू केली आहे.