हणजूणचं गेस्टहाऊस, तीन व्हेंडर आणि मी: राउटर सुचवा

रिस्टार्ट_बाबा
मंडळी, म्हापशात राहून एकटाच आयटीची कामं करतो. छोटी हॉटेलं, सीएंची ऑफिसं, एखादं दुकान. सध्या हणजूणच्या एका गेस्टहाऊसने डोकं उठवलंय. मधूनच बिलाचा थर्मल प्रिंटर ऑफलाइन जातो, रेकॉर्डरवरून कॅमेरे गायब होतात, रिसेप्शनच्या पीसीला नेट कधी असतं, कधी नसतं. सगळं बंद-चालू केलं की ठीक.

नेटवाला म्हणतो, 'आमच्याकडून लाइन ओके.' कॅमेरेवाला म्हणतो, 'राउटर बदला.' बिलिंग सॉफ्टवेअरवाला एनीडेस्कवर येतो, प्रिंटरचा ड्रायव्हर परत टाकतो आणि विचारतो, 'सर, तिकीट क्लोज करू?' तिघांची कामं झाली, फोन मात्र मला. तोही रात्री, कारण परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची नोंद सरकारकडे ऑनलाइन करावी लागते आणि नेट नेमकं तेव्हाच झोपतं.

दहा हजारांच्या आत चांगला राउटर सुचवा. आणि या लोकांच्या कस्टमर केअरवर जाणारा वेळ तुम्ही बिलात लावता का? कसा?

कळंगुटचा_वारा
मेश घ्या (घरभर वायफाय पसरवणारे दोन-तीन जोडलेले डबे), विषय संपला. आमच्याकडे लावलाय, मस्त चालतो.

चिऱ्याची_भिंत
मेश कुठे लावणार ते आधी विचारा हो. जुनं घर असेल तर दीड-दोन फूट जाडीची चिऱ्याची भिंत. तिच्यापलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जेमतेम पोचतं, आणि मेशचे डबे आपसात बिनतारी बोलतात ते त्याच भिंतीतून. केबल ओढायची तयारी नसेल तर महागडा मेशही शोभेचाच. पण इथे रोग वायफायचा वाटत नाही. प्रिंटर तर वायरवर असेल ना?

फोंड्याहून
राउटरचं नंतर बघू. हे नेमकं कधी होतं? लाइट जाऊन आल्यावर का? पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा कोणालाही रिस्टार्ट करू देऊ नका. पीसीवर 'आयपीकॉन्फिग' ही कमांड 'ऑल'सकट चालवा आणि डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना नेटवर्कचा पत्ता वाटणारा) व डिफॉल्ट गेटवे (नेटकडे जायची वाट) या दोन ओळींचा फोटो मागवा.

रिस्टार्ट_बाबा
बरोबर, लाइटचंच. काल संध्याकाळी गडगडाट झाला, लाइट गेली-आली आणि सगळं आडवं. रिसेप्शनवरच्या मुलाने फोटो पाठवला. डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१, गेटवेही तोच. पण नेटवाल्याचा राउटर तर १९२.१६८.१.१ वर आहे!

फोंड्याहून
मग घरात दुसरा राउटर आहे आणि तोही पत्ते वाटतोय. लाइट आली की सगळी उपकरणं एकदम उठतात आणि पत्ता मागतात. नेटवाल्याच्या फायबरच्या डब्याला, म्हणजे १.१ वाल्या राउटरला, उठायला वेळ लागतो, छोटा राउटर पटकन उठतो. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता. प्रिंटर गेला ०.x मध्ये, बिलिंग सॉफ्टवेअर त्याला शोधतंय १.x मध्ये. तुम्ही बाकी सगळं बंद-चालू करता तेव्हा फायबरचा डबा चालूच राहतो, म्हणून सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन येतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही. तो खोटं बोलत नाही, त्याची लाइन खरंच ओके असते.

शोधायला सोपं आहे. बिघडलेलं असताना पीसीवर 'एआरपी -ए' ही कमांड चालवा, ०.१ समोरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) घ्या, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कंपनी कळते. नाहीतर स्विचमधून (सगळ्या नेटवर्क केबली जोडलेला डबा) एकेक केबल काढत जा आणि ०.१ ला लावलेला पिंग, म्हणजे 'आहेस का' ही हाक, कधी तुटतो ते बघा.

रिस्टार्ट_बाबा
सापडला! आज जाऊन आलो. रेकॉर्डरच्या मागे, बिअरच्या रिकाम्या क्रेटच्या आडोशाला एक पांढरा राउटर, स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये. खाऱ्या हवेने पोर्टच्या पिना हिरव्या पडल्यात, तरी पठ्ठ्या पत्ते वाटतोय. कॅमेरेवाल्याने मालकाच्या मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून 'टेंपररी' लावला होता म्हणे. आता विचारलं तर, 'तो मुलगा सोडून गेला.'

मडगाव_लोकल
टेंपररी म्हणजे पुढच्या गणेशचवथीपर्यंत, आणि कुठली चवथ ते विचारायचं नाही. :) तो काढून टाका. प्रिंटर आणि रेकॉर्डरला मुख्य राउटरमध्ये पत्ते राखून ठेवा. पुढे स्विच बदलाल तेव्हा डीएचसीपी स्नूपिंग असलेला घ्या, म्हणजे असा आगंतुक गप्प बसतो.

आणि रेकॉर्डरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आजच मालकाच्या नावावर लिहून घ्या. डोमेनचंही (वेबसाइटच्या नावाचंही) तपासा. वेबसाइटवाल्यांनी स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतलेली असतात आणि भांडण झालं की मालकाच्याच हॉटेलचं नाव मालकाला मिळत नाही. अशा दोन केसेसमध्ये मला त्या वेबसाइटवाल्या पात्रांवांचे (साहेबांचे) पाय धरायला लागलेत.

मागच्या कॉटेजला तांब्याची केबल गेली असेल तर तिथे फायबर टाका. दोन इमारतींमधली लांब तांब्याची तार म्हणजे विजेला आवतण. मे महिन्यात पोर्ट जळतात ते बहुतेक त्याच वाटेने.

पर्वरीचा_हिशेब
पैशांचं मी सांगतो. फोनवर ताटकळण्याचा वेगळा दर लावू नका, क्लायंट प्रत्येक मिनिटावर वाद घालतो. 'व्हेंडर समन्वय' अशी एकच ओळ, अर्ध्या दिवसाच्या दराने. सोबत तक्रार क्रमांक, वेळ आणि समोरचा काय म्हणाला ते. असा कागद पुढे केला की सहसा कोणी घासाघीस करत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलीय का? सूक्ष्म वा लघु उद्योग असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार नसताना १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. आयकर कायद्याच्या एका कलमामुळे अशी वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. ही ओळ इन्व्हॉइसखाली छापून ठेवा.

कळंगुटचा_वारा
छापा खुशाल. सीझन संपल्यावर कोणी फोन उचलत नाही, कलम कोणाला ऐकवणार? मी आता निम्मे आगाऊ घेतो.

पर्वरीचा_हिशेब
आगाऊ मिळत असेल तर उत्तमच. कलम मालकाला नाही, त्याच्या सीएला ऐकवायचं. मार्चमध्ये तोच मालकाला फोन करतो.

रिस्टार्ट_बाबा
आभार मंडळी. कॅमेरेवाल्याला राउटरचा फोटो पाठवलाय, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. राउटर घेत नाही, त्या पैशांत यूपीएस घेतो. किती व्हीएचा पुरेल?

फोंड्याहून
फायबरचा डबा एवढाच असेल तर मोठा यूपीएस कशाला? अ‍ॅडॉप्टरवर बघा, बहुतेक १२ व्होल्ट असतं. अँपिअर जुळवून छोटा डीसी यूपीएस घ्या. लाइट गेली तरी डबा चालू राहील. स्विच विसरू नका, त्यालाही तिथेच जोडा. त्याचं व्होल्टेज वेगळं असलं तर इथे टाका, बघतो.