पोलीस अधिकाऱ्याच्या खुनातला फरारी : शोध लांबतो तेव्हा

आरोपीचं नाव पहिल्याच दिवशी कळतं, माणूस मात्र वर्षानुवर्षं हाती लागत नाही. सातारा-सांगलीकडं अशा शोधात नेमकं काय करावं लागतं, कुठं बिघडतं, ते या कामातल्यांनी लिहावं. शौर्यकथा नकोत, चालू गुन्ह्यातली नावं नकोत.

निवृत्त फौजदार, वाळवा
पहिली रात्र उसात जाते. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. आपला अधिकारी गेलेला असतो, सगळे पेटलेले असतात, आणि शंभर माणसं चारी बाजूंनी एकदम फडात घुसतात. मग पाचटात कोण वाजतंय, आपला की तो, हेच कळत नाही. आधी बांध आणि पाटाची तोंडं धरायची. आतली माणसं एकाच टोकानं, दोन-तीन सऱ्यांना एक अशी, एका रेषेत चालवायची. श्वान आणायचं तर गर्दी आत जाण्याआधी. आणि मालकाला फोन करून पाणी बंद करायला सांगायचं, हे हमखास राहतं. पाणी वाहत्या सरीत श्वानाचा माग तुटू शकतो. उष्णता टिपणारा ड्रोन पहाटे वापरावा, दुपारी तापलेलं रानच सगळं एकसारखं दिसतं.

वनरक्षक, शिराळा
उसात बिबट्याही असतो. रात्री एकट्याला आत पाठवू नका.

हवालदार, जत
इकडं हद्द ओलांडली की कर्नाटक. पाठलाग करत पलीकडं जायला कायद्याची आडकाठी नाही, पण तिकडच्या ठाण्यात नोंद न करता घर झडतीला गेलात तर गावकरी तुम्हालाच धरून ठेवतील. कन्नड बोलणारा माणूस पथकात हवाच. शेजारच्या ठाण्याला कन्नडमधला फोटोसहित कागद दिलेला बरा. मराठी पत्रक तिथं भिंतीवर नुसतं पिवळं पडतं.

फौजदारी वकील, सातारा
धावपळ संपली की खरं काम कागदाचं. वॉरंट बजावता आलं नाही की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 खाली फरारीनं कोर्टात हजर व्हावं असा जाहीरनामा (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 82). हजर राहायची तारीख प्रसिद्धीपासून किमान 30 दिवसांनंतरची लागते. इथंच घाण होते. कोर्टाचा आदेश एक तारखेचा, चावडीवर वाचन वीस तारखेला, आणि मुदत मोजली आदेशापासून. जाहीरनामा गावात ठळक जागी वाचायचा, घराला डकवायचा, कोर्टातही लावायचा. तिन्हींचा पंचनामा नसेल तर कलम 85 ची मालमत्ता जप्ती पुढं डळमळते.

दुसरं, साक्षीदार म्हातारे होतात. फरारीच्या माघारी त्यांची साक्ष नोंदवून ठेवायला कलम 335 आहे (जुनं 299). साक्षीदार वारला किंवा सापडेनासा झाला तर ती साक्ष पुढं वापरता येते. पण आधी आरोपी फरार आहे आणि लगेच सापडायची शक्यता नाही, हे शाबित करावं लागतं. त्यासाठी शोध घेतलेल्या अंमलदाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करा. ‘शोध घेतला, मिळून आला नाही’ एवढ्या एका ओळीवर भागवलं तर सगळी साक्ष वाया.

घरच्यांबद्दल एक : खुनाच्या आरोपीला आसरा देणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 249 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण नवरा-बायकोला त्यातून सूट आहे. बायकोला ठाण्यात बसवून ठेवण्याला कायद्याचा आधार नाही. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. शिवाय जी चिडली ती पुढं कधी बोलत नाही.

विट्याहून
खानापूर, आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. त्यामुळं ‘परप्रांतात ओळखीचं कोण?’ हा प्रश्न इथं भाबडा आहे, निम्म्या गावाचं कोणी ना कोणी आहेच. सगळ्यांवर संशय घेत दुकानं पालथी घातली तर बातमी पथकाच्या आधी पोचते. गावच्या यात्रेला सगळे परत येतात, तेव्हा पोलीस पाटलांमार्फत शांतपणे विचारलं तर एखादा दुकानदारच सांगतो. आई-बापाच्या दहाव्याला साध्या वेशातला माणूस ठेवतात. तो त्याच भागातला हवा. नवा चेहरा, नवी चप्पल आणि मोटारसायकलवर ‘पोलीस’, मग काय उपयोग!

रायटर (ठाण्याचा लेखनिक), कराड
बदली झाली की शोध मरतो. नव्या साहेबांना केस डायरी मिळते, खबऱ्याचं नाव मिळत नाही. म्हणून दर खेपेला कुठं गेलो, कोणाला विचारलं, काय नाकारलं, हे तारखेसह वेगळ्या कागदावर ठेवावं. नाकारलेलं जास्त महत्त्वाचं, नाहीतर तीच तीन घरं प्रत्येक साहेब पुन्हा झडतो.

फोटो जुना होतो, बोटं होत नाहीत. आधीच्या अटकेचे ठसे असतील तर ते एम्बिस (राज्याची) आणि नॅफिस (देशाची) या ठशांच्या संगणकीय यंत्रणांवर चढलेत का ते बघा. दुसऱ्या राज्यात दुसऱ्याच नावानं किरकोळ चोरीत धरला गेला आणि तिथं ठसे घेतले, तर जुळतात. ठशाची पत्रिका पुसट असेल तर यंत्र काही करत नाही.

आणि सापडला की घाई करू नका. परराज्यातून आणायचा तर तिथल्या कोर्टाचा ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला इकडं आणायची परवानगी घ्या. अटकेनंतर कोर्टापुढं उभं करायच्या 24 तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत खरं, पण अटकेची वेळ, निघाल्याची वेळ आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्याची नोंद जुळली पाहिजे. जेवणाच्या पावतीवरची वेळ डायरीशी जुळत नाही, असं आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला दाखवतो.