दिवाण आधी की वजन आधी? मी दोन्ही सोबत करतोय, तुमचं मत सांगा

मेहरुणकर:
जळगावला राहतो, वय 43. जानेवारीत वजन 86 होतं, आता एप्रिल संपत आला तर 82 आहे. डाएट बिएट काही नाही, रात्रीच्या दोन भाकरीची एक केली, शेवभाजी आठवड्यात तीनदा व्हायची ती एकदा, आणि सकाळी सायकल, मेहरुण तलावाला दोन-तीन चकरा नाहीतर मन लागलं तर बांभोरीच्या पुलापर्यंत. त्यातच गावाकडचं धाब्याचं घर पाडलं, सागाचे दोन दरवाजे निघाले, त्यातून लेकीसाठी दिवाण बनवतोय, स्वतःच्या हाताने. घरचे आणि मित्र म्हणतात एक काहीतरी धड कर. माझं म्हणणं, दोन्ही सोबत चालतं आणि सावकाशच चालावं. सांधा फेविकॉल लावून क्लॅम्पमध्ये आवळला की 24 तास हात लावायचा नसतो, तो दिवस सायकलचा. पाय भरून आले की तो दिवस रंध्याचा.

तापीकाठचा:
मी तुमच्या मित्रांच्या बाजूने. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच. चार महिन्यात चार किलो म्हणजे आठवड्याला पाव किलो, एवढा फरक तर पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही पडतो. आणि मे लागला की आपल्याकडे 44-45 डिग्री, सायकल आपोआप बंद, पुढे पावसाळा, लाकूड फुगणार, दिवाण अर्धवट. मी कपाट करायला घेतलं आणि त्याच महिन्यात जिम लावली, जिम सुटली आणि कपाटाच्या फळ्या आज पण जिन्याखाली उभ्या आहेत, वाकलेल्या. दोन महिने फक्त वजनावर जोर लावा, लाकूड नंतर.

गिरणाकाठची ताई:
तापीकाठ दादा, पाण्याने एका आठवड्याचा काटा हलतो, चार महिने सलग खाली जाणारा नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे पाव किलोला रोजच्या पावणेतीनशे लागतात, एक भाकरी आणि थोडी सायकल यात ते बसतं. हे वर्षभर करता येतं, दोन महिन्यांचा जोर वर्षभर नाही. पण मेहरुणकर भाऊ, रंधा मारणं व्यायामात धरू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे तीन दिवस 50 मिनिटं सायकल, तेवढी पक्की ठेवा, क्लॅम्प सुकत असो नसो. आणि रविवारची तळलेली बट्टी तुपात बुडवून किती होतात ते पण मोजा.

रंधा-पटाशी:
भाऊ मी धुळ्याचा, घरात तीन पिढ्या सुतारकाम. तापीकाठ भाऊंच्या फळ्या वाकल्या त्या वेळ गेला म्हणून नाही, लाकूड कच्चं असेल आणि वरून उभं टेकवून ठेवलं म्हणून. आडवं, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायचं असतं. जुन्या दाराचा साग चाळीस-पन्नास वर्षं वाळलेला, तो असा वाकत नाही. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. चुंबक फिरवून खिळे सगळे काढा, एक राहिला तरी रंध्याचं पातं गेलं. साग तेलकट असतो, सांध्याच्या जागी फेविकॉलच्या आधी थिनरने पुसा, नाहीतर पुढे सांधा सुटतो. खाली कप्पे करणार असाल तर आता उन्हाळ्यात घट्ट बसवू नका, श्रावणात फुगून अडकतील, दोन-तीन मिलिमीटर फट सोडा. आणि शेवटची, यावर मी तुमच्या विरोधात आहे. सायकल मारून आल्याबरोबर पटाशी हातात घ्यायची नाही. दमलेला हात घसरतो, माझ्या अंगठ्याला चार टाके आहेत त्याचे.

तापीकाठचा:
फळ्यांचं पटलं, आजच आडव्या करतो. पण माझा मुद्दा वेळेचा आहे आणि त्यावर मी ठाम आहे. नोकरी करणाऱ्या माणसाकडे सकाळचा दीड तास असतो, तो दोन ठिकाणी वाटला की दोन्हीकडे कमीच पडतो. मृग लागायच्या आत दिवाण उभा राहिला नाही तर काय करणार?

मेहरुणकर:
सगळ्यांचं वाचलं. पटाशीचं काम आता फक्त रविवारी, सायकल नसते त्या दिवशी. ताई, तीन दिवस पक्के, साडेपाचला निघतो, सातच्या आत घरी. बट्टी तळायच्या ऐवजी नुसती भाजून घेतो म्हटलं घरी.

पण तापीकाठ भाऊ, वेग मी वाढवणार नाही, आणि का ते सांगतो. परवा पहिल्या दारावर रंधा फिरवला, वरून चुलीच्या धुराने काळंकुट्ट, दोन-तीन हात मारले की खालून मधासारखा रंग निघाला आणि सगळ्या पडवीत सागाचा वास, इतक्या वर्षांनी. दुसऱ्या दारावर आजीने काढलेलं हळदकुंकवाचं स्वस्तिक आहे, बोटांचे ठसे दिसतात अजून. त्या फळीला रंधा लावायचा नाही, उशाशी तशीच बसवायची असं लेकीने आणि मी ठरवलं, नुसतं हे ठरवायला आम्हाला आठवडा लागला. दोन महिने लाकूड बंद ठेवून मला हे मिळालं नसतं आणि घाईत मी ती फळी पण तासून टाकली असती. मृगापर्यंत नाही झाला तर दिवाळीला होईल, लेक तोवर खाली गादीवर झोपायला तयार आहे.

रंधा-पटाशी भाऊ, त्या ठशांवर पॉलिश मारलं तर कुंकू पसरेल का? काय लावू?

रंधा-पटाशी:
बोळ्याने किंवा ब्रशने अजिबात नको, पसरेल. स्प्रेने लाखेचं पॉलिश अगदी पातळ, लांबून, तीन-चार हात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. आधी त्याच दाराच्या मागच्या बाजूला थोडं कुंकू लावून, वाळवून करून बघा.