जुन्या फौजदारी शिक्षेनंतर कॅनडाला जाता येईल काय?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

मी ६१ वर्षांचा कोरडवाहू शेतकरी आहे. १९९९ मध्ये शेताच्या धुऱ्यावरून चुलतभावाशी वाद झाला, रागाच्या भरात मी बंडीची उभारी (बैलगाडीचा उभा दांडा) उचलली आणि त्याच्या मनगटाला मार लागला. २००३ मध्ये मला दोषी ठरवून न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. सायंकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसलो, दंड भरला आणि शेवटच्या एसटीने घरी आलो. आज त्याचा कापूस माझ्याच बंडीतून बाजारात जातो, इतका तो वाद आमच्यापुरता मिटला आहे.

मुलगी कॅनडात असते आणि येत्या उन्हाळ्यात तिचे बाळंतपण आहे. पासपोर्ट विनासायास मिळाला. परंतु व्हिसाच्या अर्जात कधी अटक, आरोप किंवा शिक्षा झाली होती काय, असा प्रश्न आहे. अर्ज भरून देणारा एजंट म्हणतो की, इतकी जुनी नोंद कोणाला सापडणार नाही, ‘नाही’ लिहा. खोटे लिहिण्याची भीती वाटते आणि खरे लिहिल्यास नातवंडाचे तोंड दिसणार नाही, याचीही. लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली दंडाची पावती सापडली; मात्र ओल लागून कलमाचा शेवटचा आकडा पुसला आहे, त्यामुळे ते ३२३ की ३२४ हे कळत नाही. याने काही फरक पडतो काय?

उत्तर (फौजदारी वकील, यवतमाळ)

काका, त्या पुसलेल्या आकड्यानेच सर्वांत मोठा फरक पडतो.

पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसाचा मार्ग मोकळा झाला, असे समजू नका. पासपोर्ट अधिनियम, १९६७ नुसार अर्जापूर्वीच्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान २ वर्षांची कैद झाली असेल, तर त्या कारणावरून पासपोर्ट नाकारला जातो. तुमची शिक्षा त्यात बसतच नव्हती. कॅनडाच्या प्रश्नाला मात्र अशी कालमर्यादा नाही. शिवाय आपल्या न्यायालयाने तुम्हाला किती शिक्षा दिली, यापेक्षा तेच कृत्य कॅनडात घडले असते तर तेथील कायद्याने जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती, हे तेथील अधिकारी पाहतात.

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३२३ म्हणजे साधी दुखापत. कॅनडात साध्या मारहाणीला कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे आणि अशा एकाच गुन्ह्याची शिक्षा पूर्ण होऊन १० वर्षे उलटली असल्यास, पुढे दुसरा गुन्हा नसेल तर, माणूस सुधारला असे सहसा धरले जाते. कलम ३२४ म्हणजे घातक साधनाने दुखापत. कॅनडात शस्त्राने केलेल्या मारहाणीची कमाल शिक्षा १० वर्षे असल्यामुळे ती गंभीर गुन्ह्यात मोडते आणि केवळ काळ लोटल्याने ती अडचण दूर होत नाही. मग पुनर्वसनाचा, म्हणजे माणूस सुधारला हे मान्य करून घेण्याचा, स्वतंत्र अर्ज करावा लागतो, ज्याला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. किंवा तातडीचे कारण दाखवून तात्पुरत्या वास्तव्याचा विशेष परवाना मागावा लागतो, तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती असते. दिवसभर बाकावर बसून संपलेली शिक्षा तिकडे इतकी जड ठरावी, हे मलाही बोचते. परंतु नियम तसा आहे.

म्हणून आधी न्यायालयात निकालाच्या नकलेचा (प्रतीचा) अर्ज करा. खटल्याचा क्रमांक आठवत नसल्यास पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक मिळवा. आरोप ३२४ चा असून शिक्षा ३२३ खाली झाली, असेही अनेकदा घडते, तेव्हा निकालाचा शेवटचा आदेश नीट वाचा. निकाल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

एजंटचे मुळीच ऐकू नका. माहिती दडवल्याचे उघड झाले, तर कॅनडात ५ वर्षे प्रवेशबंदी होते, आणि अर्जावर सही तुमची असते, एजंटची नव्हे.

उत्तर (मोर्शी, जि. अमरावती)

माझ्यावरील मारहाणीचा खटला आपसात तडजोड होऊन सुटला होता, तरीही मी ‘होय’ लिहिले, कारण प्रश्न अटकेचा आणि आरोपाचाही होता. निकालाची प्रत आणि एक पानाचा खुलासा जोडला, आणि व्हिसा मिळाला. काकूंचा अर्ज मात्र स्वतंत्र भरा. बाळंतपणाला आई पोहोचणे अधिक गरजेचे आहे.

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर

नक्कल मिळाली. शिक्षा कलम ३२४ खालीच आहे. वकीलताईंच्या सल्ल्याने सर्व खरे लिहून विशेष परवाना मागत आहोत आणि पत्नीचा अर्ज वेगळा दिला आहे. चुलतभावाला हे कळले तेव्हा तो स्वतःहून तहसीलला आला आणि आमच्यात वैर उरलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र त्याने करून दिले. ते अर्जाला जोडले तर चालेल काय, एवढे कृपया सांगावे.