हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवणे हे काम चालकाचे की कार्ब्युरेटरचे?

यंत्रवेडा:
१८९३ साली जर्मनीच्या माइबाखने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर (इंजिनसाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणला. (बुडापेस्टच्या बांकी आणि चोंकांचे पेटंट त्याच वर्षीचे, काही महिने आधीचे. त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, याचे वाईट वाटते.) यात दोष एकच, पण मुळातला. इंजिन वेगात आले की एकाच जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ओढले जाते. सावकाश चालण्यासाठी सुई (जेटमधले पेट्रोल कमी-जास्त करणारी) जुळवावी, तर पळताना काळा धूर. पळण्यासाठी जुळवावी, तर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) गाडी बंद. १९०६ मध्ये फ्रान्सच्या बाव्हरेने झेनिथ कार्ब्युरेटरमध्ये यावर उत्तर काढले. दुसऱ्या जेटला उघड्या विहिरीतून (हवेला उघड्या छोट्या कप्प्यातून) पेट्रोल दिले, त्यामुळे ओढ कितीही वाढो, त्यातून ठरावीकच येते. वेग वाढला की एक जेट मिश्रण दाट (जास्त पेट्रोलचे) करतो, दुसरा पातळ, बेरीज जमते. असे असताना १९०८ नंतर फोर्डने मॉडेल टीमध्ये सुईची दांडी डॅशबोर्डवर आणून चालकाच्या हाती दिली. ही पळवाटच आहे.

जुनीगाडी:
अजिबात पटत नाही. ती सुई दर चढाला फिरवत नसत. इंजिन थंड असताना पाव फेरा उघडायची, तापले की परत बंद करायची. वेगासाठी टीच्या सुरुवातीच्या किंग्स्टन कार्ब्युरेटरमध्ये धातूच्या गोळ्या होत्याच; ओढ वाढली की त्या उचलल्या जात आणि जादा हवा आत येई. शिवाय मॉडेल टी शेतकऱ्यांची गाडी. मिळेल ते पेट्रोल, कडाक्याची थंडी. पेट्रोल जड (लवकर वाफ न होणारे) आले तर झेनिथचा पक्का जेट काय करणार? सुई निदान जागेवर फिरवता येते.

रिकामी_टाकी:
तुम्ही दोघेही जेटवरच अडलात. थंड मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीत) पेट्रोलची वाफच होत नाही, थेंब भिंतींना चिकटतात. तिथे उष्णता द्यायला हवी. आणि टीची टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल उतारानेच येणार! पेट्रोल कमी असताना उभा चढ आला की कार्ब्युरेटर कोरडा, म्हणून लोक गाडी रिव्हर्समध्ये चढवत. यात सुईचा काय दोष?

यंत्रवेडा:
उष्णतेचे मान्य, टाकीचेही. पण @जुनीगाडी, त्या गोळ्यांवर चिकट घाण बसली की सगळे गणित फिसकटते. आणि घाईत असलेला माणूस पाव फेरा परत फिरवायला विसरणारच. मग जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते आणि बेअरिंग झिजतात. पेट्रोल बदलले तर मेकॅनिकने जेट बदलावा. चालकाने रस्त्याकडे बघावे.

जुनीगाडी:
मेकॅनिक पन्नास मैलांवर असेल तर?