मुंबईतलं पहिलं विद्यार्थी-वाङ्मय मंडळ कोणतं?

शाईचा_डाग: कॉलेजच्या वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी लिहितेय. सर म्हणाले, मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे अशी मंडळं त्यानंतरचीच. खरं का? नावं-सालं कुणी देईल?

ठाकूरद्वारची_मास्तरीण: नाही गं. विद्यापीठाच्या नऊ वर्षं आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या मुलांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. पाठीशी प्रोफेसर पॅटन, आणि मुलांत दादाभाई नौरोजी. तिथे निबंध इंग्रजीतून वाचायचे. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, तेच ते व्याकरणवाले. 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० ला सुरू झालं आणि १८६७ पर्यंत चाललं. आजच्या मंडळांचे अंक दुसऱ्या वर्षीच जाहिराती शोधत बसतात!

पण मोठ्या अक्षरांत लिहायचंच तर शाळांबद्दल लिही. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचून ही मुलं टाळ्या घेऊन घरी गेली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या, आणि सुरुवातीला स्वतःच बिनपगारी शिकवलं. मुली मिळवायला दारोदार फिरले. काही बापांनी जिन्यावरून ढकलून द्यायचा दम भरला, अशी आठवण दादाभाईंनी सांगितलीय. मराठी मुलींच्या शाळेला नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पुढे याच सोसायटीची गिरगावातली मुलींची शाळा 'कमळाबाई' म्हणून ओळखली गेली. आमची आई तिथलीच, त्यामुळे मी जरा पक्षपाती आहे.

पेठेतला_पोरगा: मास्तरीणबाई, पुण्यात भिडे वाड्यात जोतिबा-सावित्रीबाईंची शाळा १८४८ लाच सुरू झाली होती. मुंबईकर लगेच पहिला नंबर लावतात!

ठाकूरद्वारची_मास्तरीण: अरे, शाळेला 'पहिली' म्हटलंय कुठे? नीट वाच. पुण्यात एक जोडपं गावाशी भांडत होतं, इथे नाना शंकरशेटांसारखा मातब्बर माणूस पाठीशी होता. दोन्हींत फरक आहेच.

शाईचा_डाग: मस्त! सोसायटीचे अध्यक्ष कायम साहेबच होते का?

ठाकूरद्वारची_मास्तरीण: छे. भाऊ दाजी लाडही होते, डॉक्टर आणि इतिहाससंशोधक. मासिकाच्या जुन्या फायलींसाठी दादरच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघ. कॉलेजचं पत्र घेऊन जा, आणि सरांनाही सोबत ने.